शेतक-यांचे ग-हाणे

या लेखाच्या मथळ्यात मुद्रणदोष नाही. १९९९ साली मी माझ्या संगणकावर टंकित केलेल्या एका निवेदनाचे ते शीर्षक आहे, जसेच्या तसे. त्यात दोन आडव्या रेघा आहेत. त्या दोन रेघा तिथे कशा आल्या, का राहिल्या आणि त्यांच्यामुळे काय हरवले, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

माझी ओळख थोडक्यात देतो. अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९९६पासून सोळा वर्षे माझे टंकलेखन आणि झेरॉक्सचे दुकान होते. संगणकाचे रीतसर शिक्षण माझे नाही. यंत्र उघडायचे, बिघडवायचे आणि पुन्हा चालू करायचे, हा छंद. त्या छंदापायी घरातल्या एका कपाटात सव्वाशेच्या आसपास फ्लॉप्या साठल्या आहेत. दुकानात टंकित केलेला मजकूर मी सहसा पुसत नसे. कुणी पुन्हा प्रत मागायला आला, तर पुन्हा टंकित करायला नको, एवढाच त्यामागचा विचार.

२०१८च्या हिवाळ्यात एक मुलगी घरी आली. तिच्या आजोबांनी माझ्या दुकानात बसून कापसाच्या चुकाऱ्यांविषयी एक लांबलचक निवेदन सांगून लिहून घेतले होते. ते आता हयात नव्हते. घरातली प्रत पावसात गेली होती. तुमच्याकडे ते आहे का, असे तिने विचारले. आहे, असे मी ठामपणे म्हणालो. कारण ते निवेदन मला चांगले आठवत होते. शीर्षकही आठवत होते. संगणकावर सगळ्या जुन्या फायली एका ठिकाणी उतरवून ठेवल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच मी युनिकोडमध्ये रूपांतरितही केल्या होत्या. मी शोधाच्या चौकटीत 'शेतकऱ्यांचे' हा शब्द टाकला.

एकही फाईल सापडली नाही.

विदर्भातल्या तालुक्याच्या गावातले सोळा वर्षांचे अर्ज, निवेदने, ठराव, तक्रारी, आणि त्यात 'शेतकऱ्यांचे' हा शब्द एकदाही नाही! ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. मग काय झाले असेल ते माझ्या लक्षात आले, आणि मी शोधाच्या चौकटीत ऱ काढून एक रेघ मारली. यादी पडद्याखाली गेली.

अर्ध्या रचे कूळ

ज्या खुणेच्या जागी ती रेघ आली, तिला मी या लेखात 'अर्धा र' म्हणेन. 'दऱ्या'मधला र. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा; 'आचार्यांना' दिलेली दक्षिणा वेगळी आणि 'आचाऱ्यांना' दिलेली मजुरी वेगळी. पहिल्या शब्दात र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि आधीच्या अक्षरावर आघात देतो. दुसऱ्यात तो आधीच्या अक्षराला धक्का न लावता पुढच्या य-कडे हलकेच सरकतो. आचार्य अत्रे यांच्या 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्राचे मुखपृष्ठ समोर धरले, तर हे दोन्ही र एकाच पानावर दिसतात: लेखकाच्या उपाधीत रफार आणि पुस्तकाच्या नावात अर्धा र.

'सूर्य', 'कार्य', 'आचार्य' हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द रफार घेतात. अर्धा र मात्र मराठीच्या स्वतःच्या व्याकरणातून जन्मतो. शेवटी 'री' किंवा 'रा' असलेल्या पुल्लिंगी नामाला प्रत्यय लावायचा झाला, की तो येतो. वारा, वाऱ्याने. चारा, चाऱ्याला. शेतकरी, शेतकऱ्यांना. 'दुसरा'चे 'दुसऱ्या' होते, 'करणारा'चे 'करणाऱ्या' होते, 'नोकरी'चे अनेकवचन 'नोकऱ्या' होते. काही शब्दांच्या तर पोटातच तो आहे: तऱ्हा, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, कऱ्हाड, वऱ्हाड. आणि गऱ्हाणे.

ही यादी मी मुद्दाम लिहितो आहे. तालुक्याच्या गावात टंकित होणाऱ्या अर्जात कोण कोण असते ते पाहावे. शेतकरी, कष्टकरी, व्यापारी, अधिकारी, कर्मचारी. सगळी 'री'ने संपणारी माणसे. ती नुसती उभी असतात तोवर त्यांच्या नावाला काही होत नाही. पण त्यांनी काही केले, त्यांना काही दिले, त्यांचे काही घेतले, की वाक्यात अर्धा र येतो. म्हणजे अर्ज ज्या कारणासाठी लिहिला जातो, नेमक्या त्याच जागी.

आमच्या गल्लीत एक ट्रेडल छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापणारा. तिथल्या जुळाऱ्याने लहानपणी मला खिळ्यांचे खण दाखवले होते. त्यात या अर्ध्या रचा स्वतंत्र खिळा होता, पापणीच्या केसासारखा बारीक. शिशाच्या जमान्यात ही खूण अडचणीची नव्हती. एक खण जास्त ठेवला की काम भागत असे. अडचण सुरू झाली ती टंकयंत्रापासून.

कळा कमी, अक्षरे जास्त

टंकयंत्रावर चाळीस-पंचेचाळीस कळा असतात आणि एकेका कळेवर दोन खुणा. एवढ्यात देवनागरीची सगळी जोडाक्षरे बसवणे शक्यच नाही. म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले. 'भ' स्वतंत्र नको. अर्धा भ् आणि एक उभा दंड पुरे. तोच दंड काना म्हणूनही चालतो. वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. रफार शेवटी. यंत्राला भाषा कळत नव्हती, कागदावर ठसा कुठे उमटतो एवढेच त्याला ठाऊक होते. या काटकसरीत माझ्या वाट्याला आलेल्या यंत्रावर अर्धा र मला सापडला नाही. टंकलेखनाची तीसची परीक्षा देताना सरांनी शिकवले, की तिथे रेघ मारायची. रेघ आणि पापणी दुरून सारखीच दिसतात. वाचणारा समजून घेतो.

१९९६ साली मी दुकानासाठी सुटे भाग जोडून तयार केलेला एक ४८६ संगणक घेतला. ज्याने तो जोडून दिला, त्यानेच एका फ्लॉपीवर 'कृतिदेव' नावाचा फॉन्ट दिला. रेमिंग्टनच्या कळफलकावर बेतलेला, त्यामुळे बोटांना नवे काही शिकावे लागले नाही. पडद्यावर सुबक मराठी अक्षरे उमटली तेव्हा संगणकाला मराठी येते, असेच मी समजलो. माझे दुकान पाहायला लोक येत.

ते खरे नव्हते. संगणकाने फाईलमध्ये मराठी लिहिलेच नव्हते. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ घरे असत आणि संगणकाच्या लेखी ती घरे इंग्रजी अक्षरांची होती. कृतिदेवने त्या घरांत देवनागरीचे तुकडे नेऊन बसवले. ई-च्या घरात म, जे-च्या घरात र, के-च्या घरात काना, मोठ्या बी-च्या घरात ठ, एच-च्या घरात दुसरी वेलांटी. मी 'मराठी' टंकित केले, की फाईलमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे साठत. 'विदर्भ' साठे तो एफ, ओ, एन, मोठा एच, के, मोठा झेड असा: आधी वेलांटी, मग व, द, अर्धा भ्, दंड आणि शेवटी रफार. अगदी टंकयंत्राच्या क्रमाने. फॉन्ट काढून घेतला, की उरे ती निरर्थक अक्षरांची माळ. जे तुकडे कळफलकावर मावले नव्हते, त्यांच्यासाठी ऑल्ट ही कळ दाबून आकडे मारावे लागत. 'क्र'साठी ०२१६. हे आकडे आम्हा टंकलेखकांना पाढ्यांसारखे पाठ होते.

आणि अर्ध्या रसाठी आम्ही रेघच मारत राहिलो. कृतिदेवमध्ये ती रेघ इंग्रजीतल्या 'अँड'च्या चिन्हाच्या घरात होती. म्हणजे 'शेतक-यांचे' या शब्दात, फाईलच्या दृष्टीने, मधोमध एक 'आणि' आहे आणि त्याच्यानंतरचा य म्हणजे अर्धविराम.

पुण्यातला दुसरा रस्ता

इथवरची गोष्ट मी दुकानात बसून अनुभवली. पुढची मात्र मला पुष्कळ उशिरा, वाचून कळली. आणि ती कळल्यावर वाईट वाटले.

भारतीय लिपी संगणकावर कशी साठवावी, याचा नीट विचार माझ्या दुकानाच्या कितीतरी आधी झाला होता. कानपूरच्या आयआयटीत देवनागरीसाठी संगणकयंत्रणा तयार करण्याचे काम चालू होते आणि १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तिचा नमुना मांडला गेला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. कानपूरला या कामात असलेले मोहन तांबे तिथे आले आणि 'जिस्ट' हे तंत्र उभे राहिले. जिस्टचे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले, की डॉसवर चालणाऱ्या साध्या कार्यक्रमांतही भारतीय लिप्या दिसत.

या कामामागचा विचार फॉन्टवाल्यांच्या नेमका उलट होता. फाईलमध्ये अक्षराचा आकार साठवायचा नाही, अक्षर साठवायचे. 'वि' हा व आणि त्यानंतर वेलांटी, उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे काढायची, रफार डोक्यावर चढवायचा, ही कामे पडद्यावर दाखवताना यंत्राने करायची. त्यासाठी 'इस्की' ही संकेतावली ठरली. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली तिला मानकाचा दर्जा दिला. तिच्या जोडीला इनस्क्रिप्ट हा कळफलक आला. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला.

आणि या व्यवस्थेत अर्ध्या रची सोय होती. देवनागरीत 'ऱ' हे अक्षर दक्षिणेकडच्या भाषांतला कठोर र लिहिण्यासाठी ठेवले होते. मराठीला ते एरवी लागत नाही. ठरले असे, की या ऱ-ला हलन्त जोडला आणि पुढे व्यंजन आले, की मराठीचा अर्धा र दिसावा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे, मग डी, मग य. तीन ठोके. तमिळ-मलयाळमसाठी राखलेल्या घरात आपल्या शेतकऱ्याला जागा मिळाली.

मग मी १९९९ साली रेघ का मारत होतो? उत्तर साधे आहे. अक्षर साठवायचे तर आकार घडवणारी यंत्रणा संगणकात असावी लागते. जिस्ट कार्डात ती होती. पण माझ्या विंडोज ९५मध्ये आणि पेजमेकरमध्ये ती नव्हती. फॉन्ट मात्र कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही कार्यक्रमात चाले. फ्लॉपीवर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाई. छापखान्यांना कागदावर अक्षर उमटल्याशी मतलब होता. कागद हातात आला, की फाईलमध्ये काय साठले आहे ते कोण पाहणार? म्हणून मानक कपाटात राहिले आणि बाजारात फॉन्ट पसरले. प्रत्येक कंपनीची घरांची मांडणी वेगळी. कृतिदेवमधला मजकूर श्रीलिपीत उघडला, तर वाचता येत नसे. श्रीलिपीतला आकृतीत वाचता येत नसे. वर्तमानपत्रे संकेतस्थळे काढू लागली, तेव्हा वाचकाला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. त्यानंतरची कितीतरी वर्षे जालावरची मराठी अशी एकमेकींना न ओळखणाऱ्या फॉन्टांत वाटली गेलेली होती.

एकच खूण, चार लेखने

१९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक क्रमांक द्यायचा, ही तिची कल्पना. देवनागरीचा भाग तिने इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतला. म्हणजे कानपूर-पुण्याचे काम वाया गेले नाही. ते जगाच्या वाटेने फिरून घरी आले. विंडोज २०००मध्ये आकार घडवणारी यंत्रणा देवनागरीसाठी आली आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. तो रेखाटला होता कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. विंडोज एक्सपीमध्ये मराठी चालू करायला नियंत्रण पटलात जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. आमच्याकडे मूळ सीडी कुणाकडे असणार? माझ्या ओळखीच्या अनेक दुकानांत त्या एका चौकटीपाशी युनिकोड अडून राहिले.

युनिकोडमध्येही मराठीच्या सगळ्या गरजा पहिल्या दिवशी भागल्या नाहीत. 'ॲप', 'ॲसिड' यांतल्या ॲ-ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली, पाच पूर्णांक एक या आवृत्तीत. आणि अर्ध्या रच्या बाबतीत एकाऐवजी अनेक वाटा झाल्या. ऱ-ला हलन्त जोडा, अर्धा र दिसतो. साध्या र-ला हलन्त जोडून त्यानंतर शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह टाका, तरी अर्धा रच दिसतो; जुन्या आवृत्तीशी सुसंगत राहण्यासाठी ही वाट उघडी ठेवली गेली. र-खाली नुक्ता देऊन हलन्त जोडा, तोही तोच. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तिन्ही सारखे. शोधणाऱ्या यंत्राला, कुणी समजावून सांगितले नाही तर, तीन वेगळे शब्द. आणि चौथे लेखन आमचे, रेघेचे.

वाचकांच्या मनात येईल, की जुन्या फॉन्टचा जमाना सरला, मग ही रेघ आजही जालावर का दिसते? 'शेतक-यांना मदत', 'दुस-या दिवशी', 'कर्मचा-यांचा संप' असे मथळे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. याला दोन कारणे दिसतात. एक तर हाताची सवय. दुसरे कारण परिवर्तकांत आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे छोटे कार्यक्रम हौशी लोकांनी लिहिले आणि फुकट वाटले. त्यांचे उपकार मोठे आहेत. मी त्यांच्यावरच शिकलो. पण कृतिदेवचे जे परिवर्तक माझ्या हाती आले, ते हिंदी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले होते. हिंदीला अर्धा र लागत नाही. त्यांच्या दृष्टीने रेघ म्हणजे रेघ. त्यांनी ती इमानाने रेघच ठेवली. अशा रीतीने टंकयंत्रावरची एक तडजोड फॉन्टमध्ये शिरली, आणि फॉन्टमधून ती युनिकोडमध्ये कायमची वस्तीला आली. माझ्या फायलींचेही तेच झाले होते.

माझा परिवर्तक

त्या मुलीला मी चार महिन्यांची मुदत मागितली. तिला हवे असलेले निवेदन रेघ मारून शोधले तेव्हा यादीत शीर्षक दिसले होते. पण ती फाईल अर्धीच होती. पुढचा भाग दुसऱ्या फ्लॉपीवर होता आणि ती फ्लॉपी उतरवून घेताना वाचली गेली नव्हती. तेव्हा दोन कामे ठरली. फ्लॉपी वाचायची आणि परिवर्तक स्वतः लिहायचा.

परिवर्तकाचा गाभा अवघड नसतो. एक तक्ता करायचा: या इंग्रजी अक्षराला हे मराठी अक्षर. लांबलचक जुळण्या आधी, छोट्या नंतर. नाही तर अर्धा भ् आणि दंड यांचा भ होण्याऐवजी भ्-पुढे काना लागतो. मग पहिली वेलांटी उचलून तिच्या पुढच्या पूर्ण अक्षराच्या, जोडाक्षर असेल तर सगळ्या जोडाक्षराच्या, मागे न्यायची. रफार उचलून आधीच्या अक्षराच्या पुढे न्यायचा, काना-मात्रा ओलांडून. मी पायथॉनमध्ये हे तीन-चार रात्रींत उभे केले आणि 'विदर्भ' नीट उमटला तेव्हा एकटाच हसलो.

मग रेघ. मी बेधडक नियम लिहिला: रेघेनंतर य किंवा ह आला, तर रेघेचा अर्धा र करा. पहिल्याच फाईलमध्ये 'सभापती-यांना' होते. त्याचे 'सभापतीऱ्यांना' झाले. 'भारत-युरोप'चे 'भारतऱ्युरोप' झाले. अर्जांत मोठ्या माणसांच्या नावापुढे 'यांनी', 'यांना' लावताना आम्ही कितीतरी वेळा रेघ मारत असू. एकाच रेघेने आम्ही दोन कामे केली होती: शेतकऱ्याचा र तोडायचा आणि सभापतींना मान द्यायचा.

बऱ्याच खटपटीनंतर नियम सापडला तो व्याकरणात. रेघेच्या डावीकडच्या तुकड्याला 'री' किंवा 'रा' जोडून पाहायचे. शब्द होतो का? 'शेतक'ला 'री' जोडला, की शेतकरी होतो. 'वा'ला 'रा' जोडला, की वारा. 'नव'ला जोडला, की नवरा. तिथे अर्धा र. 'सभापती'ला काहीही जोडले तरी शब्द होत नाही. तिथे रेघ राहू द्यायची. ह-च्या शब्दांची संख्या लहान, म्हणून त्यांची वेगळी यादी केली: वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, गऱ्हाणे. ज्या रेघांचा निकाल लागला नाही, त्या मी डोळ्यांनी पाहिल्या. संध्याकाळी जेवण झाले, की एक तास रेघा. बायको म्हणे, लोक या वयात जपमाळ ओढतात.

फ्लॉप्यांचे काम यापेक्षा कष्टाचे होते. साडेतीन इंचाच्या फ्लॉपीवर एक पूर्णांक चव्वेचाळीस शतांश मेगाबाइट मावते, म्हणजे माझ्या त्या काळच्या मजकुराची चौदा लाखांहून जास्त अक्षरे. काहींच्या तबकड्यांवर बुरशी होती. आवरण अलगद उघडून, तबकडी पुसून, चांगल्या आवरणात घालून वाचायचा प्रयत्न केला. एकदा न वाचलेली फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर वाचली जाते, हे अनुभवाने कळले. म्हणून भंगारातून तीन ड्राइव्ह आणले. निम्म्याच्या आसपास फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या. बाकीच्यांतून तुकडे मिळाले किंवा काहीच मिळाले नाही. फुकट जागा देणाऱ्या एका सेवेवर मी २००१ साली आमच्या तालुक्याविषयी काही पाने ठेवली होती. ती सेवा बंद झाली आणि त्यांची प्रत मी ठेवली नव्हती. त्यामुळे तो भाग गेला, तो गेलाच.

निवेदनाचा दुसरा भाग तिसऱ्या ड्राइव्हवर निघाला.

रेघ ठेवायची की काढायची

कापूस एकाधिकार खरेदी योजना महाराष्ट्रात १९७२ साली सुरू झाली. शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा आणि पैसे हप्त्यांनी मिळायचे, अशी तिची रीत. त्या हप्त्यांना आमच्याकडे चुकारे म्हणत. हे निवेदन एका माणसाच्या चुकाऱ्यांची हकिकत आहे: माल कधी नेला, काटा कधी झाला, पावती कधी मिळाली, पैसे कधी आले. मागणी अशी त्यात शेवटच्या परिच्छेदातच आहे. आधीचा सगळा मजकूर म्हणजे तारखा.

असे कागद आता महत्त्वाचे झाले आहेत. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले, आणि त्यानंतर इथल्या शेतकऱ्याविषयी भरपूर लिहिले गेले. त्याच्या आधीच्या दशकात तो स्वतः काय सांगत होता, हे मात्र तालुक्याच्या गावांतल्या टंकलेखकांच्या फ्लॉप्यांवर पडून आहे. आणि त्या फ्लॉप्यांवर त्याचे नाव तुटलेले आहे. उद्या कुणी अभ्यासक संगणकाला 'शेतकऱ्यांनी', 'चुकाऱ्यांचे', 'व्यापाऱ्यांकडून' हे शब्द शोधायला सांगेल, आणि संगणक म्हणेल, असे काही नाही. तो खोटे बोलणार नाही. त्याला जे दिले, तेच तो सांगेल.

म्हणून माझे काम आता असे चालते. परिवर्तन झालेल्या प्रत्येक फाईलसोबत मी मूळ फाईल ठेवतो, मूळ फॉन्टसह, आणि तिसऱ्या फाईलमध्ये कोणती रेघ मी अर्धा र मानली आणि कोणती नाही, याची नोंद. कारण रेघ दुरुस्त करणे हाही एक हस्तक्षेप आहे. माझा अंदाज चुकला असेल, तर पुढच्याला मूळ पाहता आले पाहिजे. शिवाय ती रेघ हाही इतिहासच आहे. कळा कमी होत्या, फॉन्ट हिशेबाने स्वस्त होता, मानक आमच्यापर्यंत पोचले नव्हते, हे सगळे त्या एका खुणेत नोंदलेले आहे.

ज्यांच्या घरी अशा फ्लॉप्या, सीडी किंवा जुने संगणक आहेत, त्यांना एवढेच सांगतो, की त्या फेकू नका आणि मजकुराबरोबर फॉन्टची फाईलही जपा. फॉन्ट नसेल, तर तक्ता कशावरून करणार?

त्या मुलीला मी दोन्ही प्रती छापून दिल्या. एकीवर 'शेतक-यांचे ग-हाणे', दुसरीवर 'शेतकऱ्यांचे गऱ्हाणे'. तिने दोन्ही घेतल्या. मी तिला एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगून थांबतो.

१९९९ साली पहिले पान छापून तिच्या आजोबांच्या हाती दिले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून शीर्षक वाचले आणि बोट ठेवून विचारले, "हे रेघ कायची गा?" त्यांनी शाळा चौथीपर्यंतच केली होती, पण आपले नाव तुटलेले त्यांना दिसले. मी म्हणालो, "बाबा, मशीनमध्ये एवढीच सोय आहे." त्यांनी मान हलवली आणि सही केली.

सोय होती. पुण्यात होती, मानकात होती, आठ वर्षांपासून होती. मला माहीत नव्हते. आता त्यांच्या नातीच्या हातातल्या दुसऱ्या प्रतीवर ती रेघ नाही. पहिल्या प्रतीवर मात्र आहे, आणि तिच्याखाली त्यांची सही असायला हवी होती, ती त्या पावसात गेली.